बंपरला सायकली टांगू का? ट्रेलरवाल्यांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही ट्रॅव्हल ट्रेलरबद्दल, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराबद्दल, प्रश्न मागवले होते. वाटलं होतं की गळणारं छत, फ्रिज, टायर असं काहीतरी येईल, तर निम्म्याहून जास्त पत्रं सायकलींचीच निघाली. रॅक विकत घेतलाय पण लावू कुठे, किंवा घरीच माउंट (रॅकला ट्रेलरशी जोडणारा लोखंडी सांगाडा) बनवायचाय तर कसा. म्हणून या वेळी सगळा सदराचा वेळ त्यालाच दिलाय.

प्रश्न: दादा, आमच्या ट्रेलरला मागे चौकोनी लोखंडी बंपर आहे, चांगला जाडजूड दिसतो. त्याच्या मधोमध दोन इंची रिसीव्हर (रॅकचा दांडा आत घालायची चौकोनी नळी) वेल्ड करून त्यात चार सायकलींचा रॅक घालायचा विचार आहे. वेल्डिंग मला येतं. चालेल ना?

नाही चालणार. वेल्डिंग कितीही सुंदर केलंत तरी नाही, कारण प्रॉब्लेम तुमच्या टाक्यात नाहीये, बंपरमध्येच आहे.

तो बंपर जाड दिसतो कारण तो चार इंची आहे, पण त्याची भिंत बघा. टोकाचं प्लॅस्टिकचं झाकण काढा आणि आत डोकवा. बहुतेक ट्रेलरमध्ये तो पातळ पत्र्याचा पोकळ पाइप असतो, भिंत ३ मिमी किंवा त्याहूनही कमी, आणि त्याचं खरं काम काय तर आत सांडपाण्याचा होस पाइप ठेवायचा आणि फार तर बाहेर स्टेपनी लटकवायची. बऱ्याच कंपन्या मॅन्युअलमध्येच लिहितात की बंपरवर आणखी काही लावू नका. आपण मॅन्युअल वाचतो कधी, तर काहीतरी तुटल्यावर.

आता हिशोब करू. चार साध्या सायकली प्रत्येकी १५ किलो धरा, म्हणजे ६०, वर रॅकचे २०, एकूण ८० किलो. या वजनाचा मध्य बंपरपासून साधारण ६० सेंटीमीटर मागे येतो. म्हणजे बंपरला पिळ बसतो जवळपास ४७० न्यूटन-मीटरचा. कारच्या चाकाचे नट साधारण १०० ते १५० न्यूटन-मीटरला आवळतात, म्हणजे तुम्ही त्या पातळ पाइपला चाकाच्या नटाच्या तिप्पट-चौपट जोराने पिरगाळून ठेवताय, आणि हे गाडी उभी असताना. रस्त्यावर खड्डा आला की तेच वजन क्षणभर दुप्पट-तिप्पट होऊन आदळतं. तिप्पट धरलं तर १४०० न्यूटन-मीटर. आणि एकदाच नाही, दिवसभर हजारो वेळा.

त्यात ट्रेलरचं मागचं टोक म्हणजे सगळ्यात वाईट जागा. चाकापासून जितकं लांब तितकी वर-खाली उसळी जास्त, आणि बऱ्याच ट्रेलरना पाटे असतात पण शॉक अब्सॉर्बर नसतात. आत बसून कोणी प्रवास करत नाही म्हणून हे कळत नाही. मुक्कामाला पोचल्यावर मागच्या कपाटातली भांडी कुठे गेलीयत ते बघा, तेवढ्यावरून अंदाज येतो.

मोडतं कुठे? मधे नाही मोडत शक्यतो. बंपर जिथे दोन्ही टोकांना चेसिसला जोडलेला असतो तिथले टाके जातात, कारण मधला सगळा पिळ तिथेच पोचतो. किंवा रिसीव्हरच्या शेजारची पातळ भिंत आत-बाहेर करत करत फाटते. आधी रंगाला केसाएवढी रेघ पडते, रेघेतून गंजाचा तांबूस ओघळ येतो, आणि मग एक दिवस बंपर, रॅक, सायकली असं सगळं लचांड हायवेवर मागच्या गाडीसमोर पडतं. ज्यांनी आधीच बंपरवर रॅक लावलाय त्यांनी हे वाचून झालं की टॉर्च घेऊन खाली जा आणि ते दोन जोड नीट बघा.

प्रश्न: बंपर नको म्हणता, मग घरी बनवायचा तर माउंट नक्की कशाला धरून बनवायचा? कोणता पाइप, किती जाड, बोल्ट का वेल्डिंग, जरा सविस्तर सांगा.

चेसिसला. ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना पुढून मागे जाणारे जे दोन लांब बीम असतात, कुठे सी-चॅनल, कुठे आय-बीम, कुठे पोकळ पाइप, त्यांनाच धरायचं. पण आधी खाली सरपटून खात्री करा की ते बीम खरंच मागच्या टोकापर्यंत तेवढ्याच जाडीचे गेलेत. काही हलक्या ट्रेलरमध्ये मागचा मीटरभर तुकडा वेगळा, बारीक पाइपचा जोडलेला असतो. तसं असेल तर मागे माउंट करायचा विषयच सोडा आणि ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी दांड्याबद्दलचं खालचं उत्तर वाचा.

बीम धड असतील तर माझी पसंती दोन आडव्या पाइपांना. एकच आडवा पाइप टाकून त्याच्या मधोमध रिसीव्हर जोडला की परत तीच पिळाची भानगड, फक्त पाइप जाड. त्यापेक्षा एक आडवा पाइप अगदी मागे, दुसरा त्याच्या ४०-५० सेंटीमीटर पुढे, आणि रिसीव्हरची लांब नळी दोघांना धरून पुढे-मागे. असं केलं की सायकलींच्या वजनाने मागचा पाइप खाली दाबला जातो आणि पुढचा वर उचलला जातो, पिळ जवळपास राहतच नाही. पाइप हे वाकणं आरामात सोसतात, पिळाचं मात्र सगळं दुखणं जोडांवर येतं.

माप म्हणाल तर ६० × ६० किंवा ७५ × ५० चा चौकोनी पाइप, भिंत ५ ते ६ मिमी. याहून जाड घालण्यात अर्थ नाही, उगाच वजन वाढतं आणि तेही सगळ्यात मागे. रिसीव्हर मात्र तयार विकत घ्या. दोन इंची रिसीव्हरची नळी आतून बरोबर दोन इंच, बाहेरून अडीच इंच, भिंत पाव इंच, आणि आतली वेल्डची शिवण साफ केलेली असते, तोंडाला जाड कॉलर असते. साधा पाइप आणून आतली शिवण कानशीने घासत बसलात तर दिवस जाईल आणि तरी रॅक आत अडकेलच.

बोल्ट का वेल्डिंग यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत सरळ आहे: रिसीव्हर आणि आडवे पाइप यांचा सांगाडा टेबलावर वेल्ड करा, आणि तो सांगाडा ट्रेलरला बोल्टने जोडा. कारण ट्रेलरखाली उताणं पडून डोक्यावर वेल्डिंग करायला भल्याभल्यांचा हात थरथरतो, आणि बोल्टचा सांगाडा ट्रेलर विकताना काढून घेता येतो. आडव्या पाइपच्या दोन्ही टोकांना ८ ते १० मिमीची प्लेट वेल्ड करायची, प्लेट बीमच्या उभ्या भिंतीला टेकवायची, भोकं त्या उभ्या भिंतीच्या मधल्या भागात पाडायची. बीमच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्टीत भोक पाडू नका, सगळा ताण त्या पट्ट्यांत असतो, मधली भिंत तुलनेने निवांत असते. १२ मिमीचे ८.८ ग्रेडचे बोल्ट, प्रत्येक टोकाला निदान दोन, एकमेकांपासून जेवढे लांब ठेवता येतील तेवढे, जाड वायसर आणि नायलॉक (हादऱ्याने ढिले न होणारे) नट.

बीम पोकळ पाइपचा असेल तर एक गोष्ट लोक हमखास विसरतात. आरपार बोल्ट घालून आवळला की पाइपच्या भिंती आत दबतात, मग कितीही आवळा, बोल्ट ढिलाच राहणार. आत बोल्टभोवती नळीचा एक तुकडा बसवा, पाइपच्या आतल्या रुंदीएवढाच कापलेला, म्हणजे पाना लावल्यावर जोर त्या नळीवर येईल.

टेबलावर वेल्डिंग करताना आधी सगळीकडे फक्त छोटे कच्चे टाके मारा, मग सांगाडा ट्रेलरखाली नेऊन एकदा बसवून बघा, मग परत आणून पूर्ण शिवण घाला, तीही एका बाजूला थोडी, समोरच्या बाजूला थोडी अशी. एकाच बाजूने सलग ओढलीत तर गार होताना सांगाडा ओढला जातो आणि शेवटी भोकं भोकांना जुळत नाहीत. पाइप गॅल्वनाइज्ड असेल तर टाक्याच्या आसपासचा जस्ताचा थर ग्राइंडरने काढा आणि उघड्यावर काम करा, त्या धुराने थंडी वाजून ताप भरतो.

तरीही कोणाला थेट चेसिसवरच वेल्ड करायचं असेल तर इतकं पाळा. गॅस सिलिंडर काढून लांब ठेवा, नुसते बंद करून नाही. बॅटरीच्या वायर सोडा, बाहेरची वीज काढा. खालचं प्लॅस्टिकचं अस्तर आणि त्याच्या वरचं इन्सुलेशन त्या भागातून पूर्ण बाजूला घ्या. वेल्डिंग मशीनचा अर्थिंगचा क्लॅम्प टाक्याच्या अगदी शेजारी लावा, पुढे कपलरला (गाडीला जोडायच्या ट्रेलरच्या तोंडाला) लावलात तर करंट कुठून जाईल सांगता येत नाही, चाकाच्या बेअरिंगमधून गेला तर बेअरिंगच्या रोलरांवर डाग पडतात आणि ती बेअरिंग मग लवकर जातात. बीमच्या आडव्या पट्टीवर आडवी शिवण कधीच घालू नका, लांबीच्या दिशेने घाला. काम झाल्यावर अर्धा तास तिथेच बसून राहा, अग्निशामक हाताशी ठेवून, कारण इन्सुलेशन आतल्या आत धुमसत असेल तर ते लगेच दिसत नाही.

आणि ड्रिल असो की वेल्डिंग, त्याआधी गॅसची पाइपलाइन कुठून गेलीय ते बघा. बऱ्याच ट्रेलरमध्ये ती चेसिसच्या कडेकडेनेच जाते, ब्रेकची वायर पण तिथेच. हे वाक्य दोनदा वाचा.

प्रश्न: माझ्या मिस्टरांनी जुन्या लोखंडी पलंगाचे अँगल कापून सायकल रॅकचा माउंट बनवलाय. ते म्हणतात लोखंड एकदम कडक आहे, ड्रिलसुद्धा लागत नाही. मला त्याच्या मागून गाडी चालवायची भीती वाटते. मी उगाच घाबरतेय का?

ताई, अजिबात उगाच नाही. ड्रिल लागत नाही हीच तर तक्रारीची गोष्ट आहे. काही पलंगांचे अँगल जुन्या रेल्वे रुळांचं लोखंड परत रोल करून बनवलेले असतात, त्यात कार्बन जास्त असतो, म्हणून ते कडक असतात आणि कडक असतात म्हणूनच ठिसूळ. वेल्ड केल्यावर टाक्याच्या शेजारची पट्टी भराभर गार होऊन आणखी ठिसूळ होते आणि हादऱ्याने तिथेच तडकते. साधं माइल्ड स्टील आधी वाकतं, वाकलेलं दिसतं, आपण थांबतो. हे लोखंड वाकत नाही, तुटतं. मिस्टरांना सांगा, त्या अँगलचं गॅरेजमध्ये शेल्फ छान होईल.

प्रश्न: चेसिसला पक्का माउंट बनवला, चार सायकली लावल्या, काही हललं नाही. पण आता वेग वाढला की ट्रेलर मागे शेपटी हलवतो. आधी असं नव्हतं. माउंटमध्ये काही चुकलं का?

माउंट बरोबर असेल, वजनाची जागा चुकली. ट्रेलर म्हणजे चाकांवर ठेवलेला सी-सॉ, मागे वजन घातलं की पुढे हिचवरचं, म्हणजे गाडी आणि ट्रेलरच्या जोडावरचं, वजन उचललं जातं. तुमचे ८० किलो चाकांच्या ३.५ मीटर मागे असतील आणि कपलर चाकांच्या ५ मीटर पुढे, तर हिचवरून ८० × ३.५ ÷ ५ म्हणजे ५६ किलो कमी झाले. समजा ट्रेलर २००० किलोचा आणि हिचवर २४० होते, म्हणजे १२ टक्के. आता ट्रेलर २०८० आणि हिचवर १८४, म्हणजे ९ टक्क्यांच्याही खाली. या प्रकारच्या जड ट्रेलरना हिचवर १० ते १५ टक्के हवेत असं धरतात. (युरोपातल्या हलक्या कॅराव्हॅनना ५ ते ७ टक्के धरतात, त्यांची बांधणी वेगळी असते, तेव्हा आपल्या ट्रेलरच्या मॅन्युअलमधला आकडा बघा, शेजाऱ्याच्या नाही.) शिवाय चाकांवर फक्त ८० वाढले असं समजू नका, १३६ वाढले, तेव्हा अॅक्सल आणि टायरची क्षमता पण तपासा.

मोजायला ट्रकचा मोठा काटा लागत नाही, घरातला वजनकाटा पुरतो. चाकं हलू नयेत म्हणून त्यांना ओट लावा. जमिनीवर एका बाजूला वजनकाट्याच्या उंचीचा ठोकळा, दुसऱ्या बाजूला वजनकाटा, दोन्हींवर पाइपचा एकेक तुकडा, आणि त्या दोन पाइपांवर एक दणकट वासा, पाइपांमधलं अंतर ९० सेंटीमीटर. हिचचा जॅक वाशावर असा टेकवा की ठोकळ्याच्या पाइपपासून ३० सेंटीमीटर आणि काट्याच्या पाइपपासून ६०. काटा जे दाखवेल त्याची तिप्पट म्हणजे हिचवरचं वजन. वाशाचं स्वतःचं वजन आधी काट्यावर बघून वजा करायला विसरू नका. ट्रेलर सपाट उभा हवा, आणि आत सगळं सामान भरलेलं हवं, रिकाम्या ट्रेलरचं मोजून काय उपयोग.

उपाय काय, तर आतलं जड सामान चाकांच्या पुढे घ्या. पाण्याची टाकी चाकांच्या मागे असेल तर प्रवासात ती भरून नेऊ नका. पण एक लक्षात ठेवा, मागे ८० किलो आहेत म्हणून पुढच्या टोकाला तेवढंच काहीतरी कोंबलं तर हिचचा आकडा सुधारेल पण दोन्ही टोकं जड झाल्यावर ट्रेलर एकदा डोलायला लागला की थांबायला वेळ घेतो. वजन मध्याजवळ असलेलं केव्हाही बरं. यानंतरही शेपटी हलत असेल तर मागचा रॅक तुमच्या ट्रेलरसाठी नाही. स्वे कंट्रोलचा (डोलणं आवरणारा) बार लावून वजनाची चूक झाकू नका. आणि रस्त्यात डोलायला लागलाच तर गाडीचा ब्रेक दाबू नका, अॅक्सलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, हाताने चालवायचा ट्रेलर ब्रेक असेल तर तो हळू दाबा.

प्रश्न: मग पुढे, त्रिकोणी दांड्यावर लावले तर? तिथे सिलिंडर आणि बॅटरी आहे, जागा कमी वाटते.

मला स्वतःला ही जागा मागच्यापेक्षा जास्त आवडते. उसळी कमी, लोखंड जाड, आणि आरशात नाही तरी गाडीच्या मागच्या काचेतून सायकली दिसत राहतात. जागा कमी आहे हे खरं, म्हणून सायकली सिलिंडरच्या वर न्याव्या लागतात: दांड्याच्या दोन्ही बाजूंना उभे खांब, वर आडवा पाइप, त्यावर रॅक. खांब खाली प्लेटवर वेल्ड करा आणि ती प्लेट दांड्याच्या वर एक आणि खाली एक अशी सँडविच करून बोल्टने आवळा, दांड्याला एकही भोक न पाडता. खांबांना तिरके टेकू द्या, नाहीतर ब्रेक मारल्यावर सगळं पुढे झुकेल.

मग अडचणी. इथे वजन हिचवर वाढतं. तेच ८० किलो हिचच्या बॉलपासून एक मीटर मागे ठेवले तर त्यातले ६४ हिचवर येतात, तेव्हा गाडीच्या हिचची मर्यादा आधी बघा, ती बहुतेकांची आधीच काठावर असते. सिलिंडरचा व्हॉल्व्ह सायकली न काढता हाताला आलाच पाहिजे, यात तडजोड नाही. जॅकचं हँडल फिरलं पाहिजे. स्प्रिंग बारवाला (वजन वाटून देणाऱ्या दांड्यांचा) हिच असेल तर त्याच्या साखळ्यांची जागा सोडा. आणि सगळ्यात महत्त्वाचं वळण. रिव्हर्स घेताना गाडीचा मागचा कोपरा ट्रेलरच्या नाकाजवळ किती येतो ते सरळ उभं असताना कळत नाही. मोठा पुठ्ठा सायकलींच्या आकाराचा कापा, दांड्यावर दोरीने बांधा, मोकळ्या मैदानात जा आणि जितकं कडक वळण घेता येईल तितकं दोन्ही बाजूंना घ्या, एक जण बाहेर उभा ठेवून. गाडीचं मागचं फाटक उघडूनही बघा. पुठ्ठा चुरगळला तर पुठ्ठ्यावर भागलं. लोखंड त्यानंतरच कापा.

प्रश्न: मागच्या शिडीवर लटकवायचे रॅक मिळतात, ते चालतील?

एखादी लहान मुलाची सायकल असेल आणि शिडीवर तेवढ्या वजनाची परवानगी लिहिलेली असेल तर. नाहीतर नको. ती शिडी बहुतेक वेळा पातळ भिंतीत स्क्रूने बसवलेली असते, आणि स्क्रू ढिले झाले की पहिलं पाणी भिंतीत शिरतं.

प्रश्न: रिसीव्हरमध्ये रॅक खडखडतो. पिन घातलीय, तरी डावीकडे-उजवीकडे डुलतो. काही ढिलं आहे का?

ढिलं नाही, ती फट मुद्दाम ठेवलेली असते, नाहीतर रॅक आत जाणारच नाही. पण रिसीव्हरमध्ये रॅकचा दांडा २० सेंटीमीटर आत असेल आणि फट २ मिमी असेल तर मीटरभर मागे तीच फट १० मिमी होते, आणि ते नुसतं कानाला त्रासदायक नाही, प्रत्येक डुलणं म्हणजे पिनवर आणि रिसीव्हरच्या तोंडावर हातोडा. रिसीव्हरच्या तोंडाशी यू-बोल्ट आणि प्लेटने दोन्ही नळ्या एकमेकींवर आवळणारा टाइटनर मिळतो, तो लावा. किंवा आटे असलेली पिन घ्या, ती रॅकचा दांडा एका बाजूला ओढून धरते. दोन इंची रिसीव्हरची पिन ५/८ इंचाची असते, सव्वा इंचीची अर्धा इंचाची. हाताशी आहे म्हणून अर्ध्याची पिन मोठ्या भोकात घालून चालवणारे महाभाग आहेत.

सव्वा इंची रॅक दोन इंची रिसीव्हरमध्ये अॅडॉप्टर घालून बसवू नका. फट दोन ठिकाणी होते. आणि रॅक लांब पडतो म्हणून एक्स्टेन्शन लावाल तर वजन आणखी मागे गेलं आणि क्षमता आणखी घटली, दोन्ही बाजूंनी तोटा.

प्रश्न: आमच्या दोन ई-बाइक आहेत, एक कार्बन फ्रेमची रोड बाइक. माउंट मी बनवला, वर कारसाठीचा रॅक लावला तर काय हरकत?

रॅकवर किंवा त्याच्या कागदावर काय लिहिलंय ते आधी बघा. कारसाठीच्या कित्येक रॅकवर ट्रेलरच्या मागे वापरू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि ते वकिलांच्या भीतीने नाही, वर सांगितलेल्या उसळीमुळे. ट्रेलर आणि आरव्हीला (राहण्याची सोय असलेल्या गाडीला) चालतो असं लिहिलेला रॅकच घ्या. तो जड असतो, महाग असतो, आणि तरी त्याची सायकलींची मर्यादा कारवरच्यापेक्षा कमी दिलेली असते, ते पाळा.

ई-बाइक २० ते ३० किलोच्या असतात. बॅटरी काढून आत ठेवली की प्रत्येकी तीन-चार किलो वाचतात आणि पावसाची काळजी पण जाते. दांडीला टांगायचा रॅक नको, चाकं ट्रेमध्ये ठेवायचा घ्या. कार्बनच्या फ्रेमला कुठेच क्लॅम्प लावायचा नाही, पुढचं चाक वरून धरणारा हुक हवा, नाहीतर ती सायकल सरळ ट्रेलरच्या आत पलंगावर झोपवून न्या. सगळ्यात जड सायकल ट्रेलरच्या सगळ्यात जवळ.

सायकलींवर कव्हर घालू नका. धूळ लागू नये म्हणून लोक घालतात, वारा भरतो आणि माउंटवर वजनापेक्षा वेगळाच जोर येतो. सीटला आणि डिस्प्लेला पिशवी बांधली की पुरे.

प्रश्न: रॅकने नंबर प्लेट आणि एक टेललाइट झाकली जाते. पोलीस अडवतील का?

अडवतील की नाही यापेक्षा मागच्याला तुमचा ब्रेक दिसतो का हे बघा. बहुतेक देशांत प्लेट आणि दिवे झाकणं बेकायदा आहेच. रॅकच्या मागच्या टोकाला एक लाइट बोर्ड बांधा, ट्रेलरच्याच दिव्यांच्या वायरिंगमधून प्लगने जोडलेला. प्लेट त्यावर हलवायला परवानगी लागते का ते आपल्या इथल्या नियमात बघा. रॅक धरून ट्रेलरची लांबी पण वाढली, वळताना मागचं टोक विरुद्ध बाजूला बाहेर जातं, पेट्रोल पंपाच्या खांबाजवळ हे आठवा.

प्रश्न: सगळं बनवून झालं, रंग मारायचा राहिलाय. पहिल्या ट्रिपला काय काय तपासू?

रंगाआधी पाइपची उघडी टोकं बंद करा, पण खालच्या बाजूला एक लहान भोक ठेवा, आत पाणी साचून आतूनच गंजतं. प्रायमर मारा आणि टाक्यांवर शक्यतो फिकट रंग द्या. काळा छान दिसतो पण काळ्यावर तडा दिसत नाही.

रस्त्यावर काढण्याआधी सायकलींऐवजी तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या बांधून जवळच्या खराब रस्त्यावर एक फेरी मारा. पहिल्या ५०-८० किलोमीटरला थांबून सगळे बोल्ट टॉर्क रेंचने परत आवळा, रंग दबतो, प्लेटा बसतात, पहिल्यांदा ढिले होतातच. आवळून झाल्यावर नटापासून प्लेटपर्यंत मार्करने एक रेघ मारा. मग दर थांब्यावर पाना काढायची गरज नाही, खाली वाकून रेघा जुळतात का एवढं बघायचं. रॅकपासून चेसिसपर्यंत एक साखळी किंवा जाड पट्टा वेगळा बांधा, माउंटला नाही, थेट चेसिसला, म्हणजे काही तुटलंच तर ते रस्त्यावर सुटणार नाही. सायकलींची चाकं वाऱ्याने फिरत राहतात, ती पण वेल्क्रोने फ्रेमला बांधून टाका.